वणीची रोबो स्पर्धा: गालिचा, फ्लेक्स आणि कोरडी दुपार

समुद्रपूर तालुक्यातून वणीला जायचं तर जाम-वरोरा हा रस्ता बरा. एसटीनं गेलं की वरोऱ्याला गाडी बदला, खोके उतरवा, पुन्हा चढवा. त्यापेक्षा एका पालकांची क्रूझर ठरवली ते बरं झालं. आनंदवन मागे पडलं की कोळशाचे ट्रक सुरू होतात. तिथून पुढं काचा बंद ठेवा, नाहीतर रोबोच्या चाकांवर काळी भुकटी बसते आणि रबराची पकड जाते. रोबो थर्माकोलमध्ये भरू नका. थर्माकोलचे दाणे हाताला कसे चिकटतात ते सगळ्यांनी पाहिलंय, तोच प्रकार सर्किटवर होतो. जुनी सुती साडी आणि पुठ्ठ्याचा खोका पुरतो.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दारापासून स्टेजपर्यंत लाल सिंथेटिक गालिचा, त्यावर लाइन फॉलोअरसाठी, म्हणजे आखलेल्या रेषेवरून आपोआप धावणाऱ्या रोबोसाठी, छापलेला मोठा फ्लेक्स, बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या. थंडीमुळे पोरांच्या अंगात पॉलिस्टरचे ट्रॅकसूट आणि पायात मोजे, कारण बूट बाहेर काढायचे. स्थिर विजेचं, म्हणजे घासण्यानं साठणाऱ्या विजेचं, पीक घ्यायचं असतं तर याहून चांगली जमीन तालुक्यात सापडली नसती. शाळेत आमचा रोबो शहाबादी फरशीवर चालतो, तिथं ही भानगड कधी दिसत नाही.

सकाळच्या फेऱ्या सगळ्यांच्या व्यवस्थित झाल्या. जेवणानंतर रोबो एकामागून एक अडायला लागले. आमचा वळणावर थांबायचा, ब्लूटूथवाल्यांचा संपर्क तुटायचा, एका टीमचा तर उचलायला हात लावला की बंद. 'सकाळी तं बरोबर चालू राह्यला होता' हे वाक्य हॉलच्या चारही कोपऱ्यांतून ऐकू येत होतं. शाळेतल्या सरकारी अटल लॅबच्या किटमध्ये आर्द्रता मोजणारा डीएचटी 11 सेन्सर असतो, तो मुलींनी आर्डुइनो या छोट्या कंट्रोल बोर्डाला जोडून टेबलावर ठेवला होता. सकाळी आर्द्रता 60 च्या वर होती, अडीच वाजता 31. हा सेन्सर पाच टक्के इकडेतिकडे दाखवतो हे धरलं तरी फरक उघड आहे. आपल्याकडं हिवाळ्यात पहाटे दव पडतं आणि दुपारी ऊन तापलं की हवा खडखडीत होते. म्हणून सराव दुपारीच करा. सकाळी चाललेल्या रोबोवरून दुपारच्या फेरीचा अंदाज बांधू नका.

हवेतल्या ओलाव्यानं किती फरक पडतो, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक जुना तक्ता आहे. माणूस गालिच्यावर चालला, तर 10 ते 20 टक्के आर्द्रतेत अंगावर 35,000 व्होल्टपर्यंत भार साठू शकतो. 65 ते 90 टक्क्यांत तोच आकडा 1,500 वर येतो. बोटाला चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. चिप मात्र त्याच्या कितीतरी खालीच दगावू शकते, म्हणजे आपल्याला काही कळायच्या आत. रोबोचंही तसंच. चाक फ्लेक्सवर घासत फिरतं, भार फ्रेमवर साठतो, आणि फ्रेम दुसऱ्या धातूला किंवा माणसाच्या हाताला लागली की एका क्षणात सुटतो. त्या झटक्यानं लांब वायरींमध्ये क्षणभर व्होल्टेज उठतं आणि बोर्ड रीसेट होतो. वळताना चाकं जितकी घसटतील तितका भार जास्त.

पण एक गोष्ट आधी तपासा, कारण हॉलमध्ये निम्म्या लोकांनी सगळं खापर स्थिर विजेवर फोडलं होतं. चार्ज उतरलेल्या 18650 सेलनंसुद्धा (रोबोत वापरतात ते रिचार्जेबल लिथियम सेल) बोर्ड असाच रीसेट होतो. एल 298 एन हा मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा बोर्ड, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. त्यात मोटर अडकली की राहिलेलं व्होल्टेजही कोसळतं. मोटर सुरू होताना किंवा भिंतीला अडल्यावर रोबो मरत असेल तर बॅटरी बघा. बराच वेळ चालल्यावर, धातूला टेकल्यावर किंवा हात लावल्यावर मरत असेल तर स्थिर वीज. खात्री हवी असेल तर तीच बॅटरी, तोच प्रोग्राम घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या उघड्या फरशीवर चालवा. तिथं धावला आणि फ्लेक्सवर मेला, तर शंका उरत नाही. आमचा तिथं मस्त धावला.

उपाय सुचवला तो गाडीवाल्या काकांनी. ते तरुणपणी सूतगिरणीत होते. म्हणाले, 'सर, गिरणीत पाण्याचा बारीक फवारा दिवसभर सुरूच असते. नाही तं धागा मशीनले चिपकते अन् तुटते.' मग आयोजकांना विनंती करून कार्यालयाचा मोठा कूलर मागच्या खोलीतून काढवला, ताट्या भिजवल्या आणि पंखा हळू ठेवून तो मैदानाच्या दिशेनं लावला. जानेवारीत कूलर लावलेला पाहून प्रेक्षकांतल्या आजीबाईंनी शाल घट्ट ओढली आणि आमच्याकडं असं पाहिलं की विचारू नका. तासाभरात सेन्सर 45 च्या आसपास आला आणि रडारड बरीच कमी झाली. भिंतीकडेनं ओली पोतीही अंथरता येतात. फक्त पाणी आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांच्यात भरपूर अंतर ठेवा, आणि फ्लेक्स भिजू देऊ नका.

फ्लेक्सवर मारायला अँटिस्टॅटिक स्प्रे मिळतो. तो नसेल तर कपड्यांचं कंडिशनर पाण्यात अगदी पातळ करून फवारतात. त्याचा पातळ थर हवेतला ओलावा धरून ठेवतो. पण हे काम आयोजकांचं, तेही आदल्या रात्री, पूर्ण वाळू देऊन. टीमनं परस्पर मैदानावर काही फवारलं तर बाद व्हाल, आणि ओल्यावर चाकं घसरतील ते वेगळंच. बोर्डावर तर मुळीच फवारू नका.

रोबोवर करायची कामं घरूनच करून जा. बोर्ड धातूच्या फ्रेमला टेकलेला नको, खाली नायलॉनचे स्पेसर हवेत. पुढच्या बंपरच्या उघड्या कडांना इन्सुलेशन टेप लावा, म्हणजे ठिणगीला वाटच मिळत नाही. वायरी आखूड ठेवा, मोटरच्या जोडवायरी पिळून घ्या. याशिवाय फ्रेम आणि बॅटरीचं ऋण टोक 470 ओहमच्या रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या छोट्या भागातून, जोडा. त्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेत रोबो फोमच्या चौकटींवर धावतात आणि तिथंही याच त्रासासाठी याच किमतीच्या रेझिस्टरची तयार पट्टी वापरतात. नुसती वायर का नको? उद्या धन टोकाची वायर सोलवटून फ्रेमला लागली तर सरळ शॉर्ट होईल. रेझिस्टर असला तर 8.4 व्होल्टला जेमतेम 18 मिलिअँपिअर वाहतात. भारही झटक्यात न सुटता दमानं सुटतो. नियमपुस्तिकेत परवानगी आहे का, तेवढं आधी वाचा.

पेट्रोलच्या टँकरसारखी खाली साखळी लोंबकळती सोडावी, ही कल्पना जवळपास प्रत्येक टीममध्ये एकाला तरी सुचते. खाली फ्लेक्स असताना भार जाणार कुठं? उगाच वजन वाढतं.

हाताळणारा मुलगा एकच ठरवा आणि त्याला सुती कपडे घालायला लावा. खुर्चीवरून उठून थेट रोबोला हात लावायचा नाही. आधी खिडकीच्या लोखंडी गजाला लावायचा. दुरुस्तीच्या टेबलावर मनगटी पट्टा असेल तर त्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतोच. तो काढून नुसती तार बांधू नका. चुकून 230 व्होल्टला हात लागला तर तो रेझिस्टरच करंट पाव मिलिअँपिअरच्या आत धरतो. कार्यालयाच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनलाच विचारा. गावाकडं तिसरं भोक पुष्कळदा शोभेचंच असतं.

जेवण तिथं मिळतं, पण उशिरा. पोरांसाठी डब्यात पोळी-भाजी असू द्या. बक्षीस आम्हाला मिळालं नाही, लाइन फॉलोअर मात्र शेवटच्या फेरीत न थांबता पूर्ण फिरला.

निघण्याआधी आयोजकांशी बोललो. प्रवेश अर्जासोबतच मैदान कशाचं आहे, खाली काय अंथरलंय आणि फेरी सकाळी की दुपारी, हे टीमना कळवा, असं सांगितलं. फ्लेक्सऐवजी रंगवलेला प्लायवूड घ्या असंही सुचवलं. त्यावर त्यांचं म्हणणं, 'फ्लेक्स गुंडाळून कपाटामागं ठेवता येते सर, प्लाय कुठी ठेवू?' अडचण खरी आहे. खालचा गालिचा तरी काढा म्हटलं, ते मान्य झालं.