तुम्ही विचारलंत म्हणून: मी नोटा का दाबलं

पुण्याचे नातेवाईक भेटले की हटकून विचारतात, "तू तर पहिल्यापासून भाजपची. मग 2024ला इंदूरमध्ये नोटा का दाबलंस?" नोटा म्हणजे मतदान यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण. उत्तर द्यायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागते.

बाबा हुकुमचंद मिलमध्ये विणाई खात्यात होते. युनियन इंटकची, म्हणजे काँग्रेसच्या कामगार संघटनेची; मत पंजाचं. आई मात्र 1989पासून ताईंची, म्हणजे सुमित्रा महाजनांची. त्या वर्षी ताईंनी प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवलं आणि 2014पर्यंत लागोपाठ आठ वेळा त्या इंदूरमधून निवडून आल्या. मधली दहा वर्षं, 1993 ते 2003, भोपाळमध्ये काँग्रेसचं सरकार होतं, तरीही. विधानसभेला पंजा आणि लोकसभेला ताई, असं ठरवून मत देणारी बाबांसारखी माणसं होती, म्हणून ते जमलं. 2019ला ताई उभ्या राहिल्या नाहीत आणि बाबा मुकाट्याने पंजाकडे परत गेले. त्यांचं मत ताईंना होतं, कमळाला नव्हतं.

मिल 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली होती. कामगारांचं देणं तीस वर्षांहून जास्त काळ अडकून राहिलं. मध्ये सरकारं दोन्ही पक्षांची आली आणि गेली. बाबा रविवारी मिलच्या गेटवर बैठकीला जायचे आणि येताना कोण गेलं त्याची बातमी आणायचे. कितीतरी सोबती पैसे न बघताच वारले. शेवटी 25 डिसेंबर 2023ला पंतप्रधानांच्या हस्ते 224 कोटींचा धनादेश दिला गेला. पुढे बाबांच्या खात्यात रक्कम जमा झाली, त्या संध्याकाळी ते पासबुक मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. म्हणाले, "हक्काचेच होते. पण खोटं कशाला बोलू, दिले यांनी." आणि थोड्या वेळाने, "या वेळी यांनाच देईन."

मी वीस वर्षं त्यांच्याशी वाद घातला होता. एका वादाने ते तसूभर हलले नव्हते.

मग 29 एप्रिल 2024 उजाडला, अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि त्याच दिवशी तो भाजपमध्ये गेला. अशा माणसाला तिकीट देणाऱ्यांनाही मी मोकळं सोडत नाही. पण मला टोचलं ते माझ्या बाजूचं. ज्या पक्षाला बाबांचं मत मिळणारच होतं, त्याला त्यांच्यासमोरून पंजा उचलायची काय गरज होती? ताईंनीही तेव्हा जाहीरपणे नाराजी दाखवली होती. बाबा एवढंच म्हणाले, "मी आपल्या पायांनी येत होतो ना?"

दुसऱ्या पक्षाचा माणूस आपल्याकडे येतो तेव्हा तो काहीतरी सोडून येत असतो. सोडायला ते त्याच्याजवळ असावं तरी लागतं. मशीनवर पंजाच नसेल, तर बाबांनी कमळ निवडलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणून 13 मेला मी नोटा दाबलं. नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही, हे मला माहीत होतं. मला आपल्याच पक्षाला सांगायचं होतं, आणि सांगायला दुसरं बटण नव्हतं.

4 जूनला भाजपचे शंकर लालवानी 11,75,092 मतांनी जिंकले. नोटा दुसऱ्या क्रमांकावर, 2,18,674 मतं. देशात तोवर कुठल्याच मतदारसंघात नोटाला इतकी मतं पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपरातल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. "यातलं एक तुझं ना?"

मी हो म्हटलं. "आणि तुमचं?"

"नाही. मी कमळच दाबलं. देईन म्हटलं होतं, दिलं." पेपराची घडी घालत म्हणाले, "आता फिटलं. पुढच्या वेळी मी मोकळा."