बारशाला पक्षी गैरहजर

पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात नावाखाली तिरक्या, बारीक अक्षरांत एक ओळ असते. बहुतेक जण तिला ओलांडून थेट चित्राकडे जातात, आणि त्यात गैर काही नाही. चित्रं असतातच देखणी. मला मात्र ती ओळ वाचायची खोड आहे. तिथे अधूनमधून असं काही सापडतं की चित्र राहतं बाजूला आणि माणूस एकटाच हसत बसतो.

नवरंगचंच घ्या. पाठ हिरवी, खांद्यावर चमकता निळा तुकडा, पोट बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून जाड काळी पट्टी आणि शेपटीखाली लालभडक. मराठीत ज्या कुणी याला ‘नवरंग’ म्हटलं, त्यानं पक्षी नीट पाहिला होता. शास्त्रीय नाव काय, तर ‘पिटा ब्रॅकियुरा’. पिटा हा तेलुगूतला साधा शब्द, पाखरू या अर्थाचा. ब्रॅकियुरा ग्रीकवरून आलेला, म्हणजे आखूड शेपटीचा. आखूड शेपटीचं पाखरू! रंगांची एवढी उधळण असताना नोंद झाली ती जेमतेम असलेल्या शेपटीची. त्याआधी तर आणखी वाईट अवस्था होती. १७६६ साली, शास्त्रीय नावांची ही पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं याला कावळ्यांच्या ‘कॉर्वस’मध्ये बसवलं होतं. आखूड शेपटीचा कावळा म्हणून.

लिनियसला नावं ठेवण्याआधी (त्यानं मात्र सगळ्यांना ठेवली) त्याची अडचण समजून घ्यायला हवी. तो स्वीडनमधल्या उप्सालाचा. उष्ण कटिबंधात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. तिकडचे पक्षी त्याच्यापर्यंत आले ते पेंढा भरलेल्या कातड्यांच्या रूपात, नाही तर दुसऱ्या कुणी काढलेल्या चित्रांतून, तिसऱ्या कुणी लिहिलेल्या वर्णनांतून. १७५८ साली त्याच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती निघाली. तेव्हापासून प्राण्यांची दोन पदी नावं मोजायची असं पुढे ठरलं: पहिलं पद प्रजातीचं, दुसरं जातीचं. अशी शेकडो बारशी त्यानं घरबसल्या उरकली आणि त्यातल्या बहुतेकांना उत्सवमूर्ती हजर नव्हती. वाळलेलं कातडं चोच दाखवतं, शेपटी दाखवतं, नखंसुद्धा दाखवतं. गात मात्र नाही. म्हणून ही नावं वाचताना मला नेहमी वाटतं, की यांना डोळे आहेत, पण कान नाहीत.

कधीकधी कातडंसुद्धा धड नसायचं. न्यू गिनीचे लोक स्वर्गपक्ष्यांची कातडी सोलताना पाय काढून टाकत. पिसांच्या शोभेसाठी पाय कशाला हवेत? मॅगेलनच्या ताफ्यातलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज १५२२ मध्ये पृथ्वीला वळसा घालून स्पेनला परतलं, तेव्हा त्यावर मोलुक्काजवळच्या बाचान बेटाच्या राजानं भेट दिलेली अशी कातडी होती. त्यातून युरोपभर कथा पसरली, की या पक्ष्याला पायच नसतात. तो जमिनीवर कधी उतरत नाही, दव पिऊन जगतो आणि मादी अंडी घालते ती उडत्या नराच्या पाठीवर. लिनियसनं या पक्ष्याला नाव दिलं ‘पॅराडिसिया अपोडा’. अपोडा म्हणजे पाय नसलेला. खरं तर त्याच जहाजावर सफरीची रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टानं या पक्ष्याला बारीक पाय असतात असं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. सव्वादोनशे वर्षांनंतर लिनियसला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. एक जुनी थाप कायमची कागदावर राहावी असं त्याच्या मनात आलं असावं. पक्षी आजही दोन्ही पायांनी फांदी घट्ट धरून नाचतो आणि नावात अपंगच आहे.

याच स्वर्गपक्ष्यांच्या पंगतीत त्यानं १७६६ मध्ये कुणाला आणून बसवलं, तर आपल्या साळुंकीला! ‘पॅराडिसिया ट्रिस्टिस’. पुढे तिची तिथून उचलबांगडी झाली आणि ती ‘अॅक्रिडोथेरेस’ झाली, म्हणजे टोळ मारणारी. हे नाव तिला शोभतं. १७६२ च्या सुमाराला टोळांच्या बंदोबस्तासाठी साळुंक्या मुद्दाम मॉरिशसला नेल्या होत्या. पण ट्रिस्टिस तिच्या मागे राहिलंच. ट्रिस्टिस म्हणजे खिन्न, उदास. अंगाच्या मळकट तपकिरी रंगावरून दिलं असणार. वळचणीला चार साळुंक्या एकत्र आल्या की काय गदारोळ होतो हे ज्यानं ऐकलंय, त्याला हे नाव कधी सुचणार नाही.

उलट टोक म्हणजे स्वर्गीय नर्तक. हाही आधी कावळाच होता, ‘कॉर्वस पॅराडिसी’. (उष्ण कटिबंधातला पक्षी कुठे बसवायचा ते कळेना, की लिनियस त्याला कावळ्यांत टाकत असावा.) १८२७ मध्ये ग्लोगर या जर्मन अभ्यासकानं त्याच्यासाठी ‘टर्प्सिफोनी’ अशी नवी प्रजाती केली. अर्थ काय? मोहक आवाजाची. आता, या पक्ष्याच्या पांढऱ्या लांब फितींबद्दल काय म्हणाल ते कमीच आहे. पण त्याची नेहमीची हाक चिरकी आणि नाकातली. गाणं आहे बरं, तेवढ्यासाठी नाव द्यावं असं मात्र नाही. मराठीनं नाचावर बोट ठेवलं, ग्रीकनं गळ्यावर. इथे मराठीचं पारडं जड आहे.

कोकिळेच्या बाबतीत मात्र आपणही तोऱ्यात राहू नये. तिचं नाव ‘युडायनामिस स्कोलोपेसियस’. दुसऱ्या पदाचा अर्थ रानतुतारी नावाच्या पक्ष्यासारखा, म्हणजे तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा. नर तर काळा कुळकुळीत, मग ठिपके कुठून आले? लिनियसनं ज्या चित्रावरून वर्णन केलं ते एडवर्ड्स या इंग्रज चित्रकारानं काढलेलं, बंगालमधून आलेल्या ठिपकेदार पक्ष्याचं. आणि ती मादी होती. इकडे आपल्या कवितांमध्ये ‘कुहू कुहू’ गाणारी कायम कोकिळा, म्हणजे मादी. प्रत्यक्षात ती तान नराची. लिनियसनं मादीचा पोशाख नराला चढवला आणि आपण नराचा गळा मादीला दिला. एकूण हिशेब बरोबरीत सुटला.

जाता जाता: हेच नाव बरीच वर्षं ‘स्कोलोपेसिया’ असं लिहिलं जायचं. मग युडायनामिस हे पद पुल्लिंगी आहे असा निवाडा झाला आणि विशेषणाचा शेवट बदलला. काळा-काळी-काळं करत लहानाचे मोठे झालेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. पण पक्ष्याच्या नावातसुद्धा लिंगवचन सांभाळावं लागतं हे कळल्यावर मला लॅटिनबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली.

आणि आता दयाळ. या एका नावासाठी मी ती तिरकी ओळ वाचणं आयुष्यभर सोडणार नाही. दयाळचं शास्त्रीय नाव ‘कॉप्सिकस सॉलरिस’. एलिझार अल्बिन या चित्रकारानं १७३७ मध्ये त्याला ‘डायल-बर्ड’ म्हटलं. हे डायल म्हणजे आपलं ‘दयाळ’, इंग्रजी कानांनी ऐकलेलं. पण कागदावर एकदा ‘डायल’ आलं, की वाचणाऱ्याला तबकडी दिसणारच. फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ लव्हाइयां यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं सरळ ‘काद्रां’ करून टाकलं, म्हणजे सूर्यघड्याळ! मग १८६३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्डननं लिहिलं, की लिनियसलाही सूर्यघड्याळच अभिप्रेत होतं, त्याला ‘सोलारिस’ म्हणजे सूर्याचा असं लिहायचं होतं, पण लेखणी घसरली आणि ‘सॉलरिस’ झालं. मोठा झकास खुलासा, आणि पूर्ण चुकीचा. एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानं खरी गोष्ट शोधली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या एडवर्ड बल्कली नावाच्या शल्यवैद्यानं एक नर लंडनला जेम्स पेटिव्हर या संग्राहकाकडे पाठवला होता आणि सोबत त्याचं इथलं नावही लिहून दिलं होतं: ‘सौलरी’. ब्लाइथच्या मते अर्थ, शंभर गाण्यांचा.

शंभर गाण्यांचा! पहाटे विजेच्या तारेवर बसून दयाळ जे काही करतो त्याला दुसरं नाव शोभणार नाही. पण ते लिनियसच्या कानांची पुण्याई नव्हे. कातड्याबरोबर नाव प्रवासाला निघालं आणि नावाबरोबर आवाज आला, एवढंच. ते कुणी ठेवलं हे कुठेही लिहिलेलं नाही. ज्यानं ठेवलं त्यानं उन्हाळ्याच्या पहाटे दयाळ ऐकला होता, याबद्दल मला शंका नाही.

अशी कान असलेली नावं शोधायला लागलं की ती बहुधा याच वाटेनं आलेली निघतात. ब्राझीलचे तुपी भाषक मकाव पोपटाला ‘आरा’ म्हणत, त्याच्या ओरडण्यावरून. लिनियसनंतरच्या शास्त्रज्ञांनी ते उचललं आणि ती प्रजाती ‘आरा’ झाली. निळ्या-पिवळ्या मकावचं नाव ‘आरा आरारौना’. आरारौना हाही तुपी शब्द, काळपट पोपट अशा अर्थाचा. मोठ्यानं म्हणून पाहा, आख्खं झाड जागं होईल. कमळपक्ष्यांचं ‘जकाना’ही तुपीच. हे उसने शब्द नेहमीच योग्य दारी पोचले असं मात्र नाही. अॅमेझॉनच्या पाणथळ जंगलात होआत्झिन नावाचा विचित्र पक्षी राहतो, त्याची पिल्लं पंखांवरच्या नखांनी फांद्या चढतात. त्याचं नाव ‘ओपिस्थोकोमस होआझिन’. पहिलं पद ग्रीक, डोक्यामागे केस असलेला. दुसरं पद नाहुआत्ल भाषेतलं, म्हणजे थेट मेक्सिकोचं, जिथे हा पक्षी मुळी आढळतच नाही. कुणा दुसऱ्याचं नाव याच्या गळ्यात पडलं.

पत्ते चुकणं हा तर नित्याचा प्रकार. सुगरण ‘प्लोसियस फिलिपिनस’, आणि फिलिपिन्समध्ये ती मूळची नाही. खंड्या ‘हॅल्सियन स्मिर्नेन्सिस’, कारण ज्याचं चित्र लिनियसनं वापरलं तो पक्षी तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून आला होता. बाकी सगळे खंड्ये पूर्वेकडे थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेले असोत. ऑस्ट्रेलियाचा खदाखदा हसणारा कुकाबरा ‘नोव्हेगिनी’ म्हणजे न्यू गिनीचा ठरला, कारण सोनेरा या फ्रेंच प्रवाशानं तो तिथे पाहिल्याचं छापलं. गंमत म्हणजे सोनेरा स्वतः न्यू गिनीला कधी गेलाच नव्हता. लाल मुनिया मात्र ‘अमांडावा’ आहे ती अहमदाबादवरून. पिंजऱ्यातले पक्षी म्हणून त्या तिथून परदेशी जात. शहराचं नाव युरोपात जाताजाता इतकं झिजलं की ते पुन्हा ओळखायला अभ्यासक लागले.

हे दुरुस्त का करत नाहीत? नियमच तसा आहे. आधी छापलेलं नाव खरं. अर्थ चुकला म्हणून ते बदलता येत नाही. नाहीतर प्रत्येक पिढीनं आपापलं शहाणपण लढवून नावं फिरवली असती आणि कुणाला कुणाचा थांग लागला नसता. पत्त्याच्या चुकीपुरता मला हा नियम पटतो. पण लालबुड्या बुलबुल ‘पिक्नोनोटस कॅफर’ आहे. पक्षी भारतीय उपखंडाचा, नोंद केप ऑफ गुड होपची, आणि तिथल्या लोकांना गोरे जे म्हणत तो शब्द त्याला चिकटला. पुढे दक्षिण आफ्रिकेत ती सरळ शिवी झाली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत मतदान करून दोनशेहून अधिक वनस्पतींच्या नावांतून हा शब्द काढायचं ठरवलं. प्राण्यांची नावं सांभाळणाऱ्या आयोगानं त्याच्या आदल्या वर्षीच, असल्या कारणांसाठी नावं बदलणार नाही, असं सांगून टाकलं होतं. एक अक्षर काढून काम भागतं हे वनस्पतीवाल्यांनी दाखवलं आहे. बुलबुलालाही ती सवलत मिळायला हरकत नव्हती.

सगळंच काही असं गंभीर नाही. काही जण नावं ठेवता ठेवता खेळलेही. लीच नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला १८१५ मध्ये कुकाबरासाठी प्रजातीचं नाव हवं होतं. खंड्यांचं जुनं लॅटिन नाव ‘अल्सेडो’. त्यानं त्याची अक्षरं उलटीपालटी केली आणि ‘डासेलो’ तयार झालं. पुढे आणखी एकानं तीच अक्षरं पुन्हा पिसून ‘लासेडो’ काढलं. दोन्हींना काडीचा अर्थ नाही आणि दोन्ही अधिकृत आहेत. शिंपी पक्ष्याचं नाव ‘ऑर्थोटोमस सुटोरियस’. सुटोर म्हणजे मोची. पानांना टाके घालणाऱ्या एवढ्याशा जिवाचा धंदा लॅटिननं बदलून टाकला. आणि मुग्धबलाक, ज्याच्या मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते, तो ‘अॅनास्टोमस ऑसिटन्स’. उघड्या तोंडाचा, जांभई देणारा. जन्मभर एकच जांभई देत बसलेला करकोचा. हे नाव चित्रावरून ठेवलेलं असूनही अचूक आहे, हे मान्य करायलाच हवं.

अलीकडे बारशाची रीत बदलली आहे. २००६ मध्ये रमणा आत्रेय यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या जंगलातून ‘लिओसिक्ला बुगुनोरम’ जगापुढे आणला, तो एकही पक्षी न मारता; फोटो, आवाज आणि जाळ्यात गळालेली पिसं यांच्या आधारावर. बुगुनोरम म्हणजे बुगुन लोकांचा, ज्यांच्या गावाजवळच्या रानात तो राहतो. २०१७ मध्ये पश्चिम घाटाच्या माथ्यावरच्या निळसर पक्ष्यांना स्वतंत्र प्रजाती मिळाली: ‘शोलिकोला’. तोवर त्यांना कधी या प्रजातीत, कधी त्या प्रजातीत ढकललं जात होतं. शोला हे तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या रानाचं तमिळ मुळाचं नाव, कोला म्हणजे लॅटिनमध्ये राहणारा. अर्धा शब्द तमिळ, अर्धा लॅटिन. जुन्या पंडितांनी नाक मुरडलं असतं. पण नावांच्या ज्या नियमसंहितेला ‘लासेडो’ चालतो, तिला शोलिकोलानं काय होणार?