वाईट माणसांनी काय बेसूर गायचं?

रविवार, रात्री उशिरा

दुपारी मेथी निवडायला बसले आणि मोत्सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचा, म्हणजे गाण्यातून चालणाऱ्या नाटकाचा, दुसरा अंक लावला. मेथी अर्धीच राहिली. त्या अंकाचा शेवट जवळ आला की माझे हात थांबतात, हे घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

प्रसंग असा. काउंट, म्हणजे घरचा उमराव, बायकोच्या खोलीतल्या कोठडीचं दार फोडायला अवजारं घेऊन आलाय. आत केरुबिनो नावाचं पोरगं लपलंय अशी त्याची खात्री. बिचाऱ्या काउंटेसलाही तेच वाटतंय, म्हणून ती गयावया करतेय. काउंट तलवार उपसतो, दार उघडतं आणि बाहेर येते तिची दासी सुझाना! केरुबिनोने मघाशीच खिडकीतून उडी टाकलेली. अशा वेळी दुसऱ्या कुणी ढोल-झांजांचा दणका दिला असता. मोत्सार्ट सगळं एकदम खाली आणतो. संथ, तीनच्या ठेक्यातली, दरबारी नाचासारखी सुरावट, आणि त्यावर सुझाना साळसूदपणे विचारते, एवढं आश्चर्य कसलं सरकार? मला आधी शहारा येतो, मग हसू.

पुढे तर विचारूच नका. माळी कार्नेशनची मोडकी कुंडी घेऊन येतो, वरून कुणीतरी माणूस फेकला म्हणून तक्रार करतो. काउंटचा नोकर फिगारो म्हणतो, तो मीच, आणि लगेच लंगडायला लागतो. एकेक जण वाढत शेवटी सात जण एकाच वेळी गात असतात. प्रत्येकाची चिंता वेगळी, शब्द वेगळे. वीसेक मिनिटं संगीत कुठेही थांबत नाही आणि गोष्टही थांबत नाही. मी संगीत नाटकांवर वाढले. आपल्याकडे पद सुरू झालं की गोष्ट बाजूला उभी राहते, आणि तेही मला हवंच असतं. पण गाता गाता माणसं खोटं बोलतात, पकडली जातात, निसटतात, हे मी पहिल्यांदा इथे ऐकलं.

१ मे १७८६ ला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये याचा पहिला प्रयोग झाला. लोकांनी इतके वन्समोअर घेतले की सम्राट दुसऱ्या जोसेफने काही दिवसांतच हुकूम काढला: एकापेक्षा जास्त गळ्यांची गाणी पुन्हा म्हणायची नाहीत. एकट्याच्या गाण्याला मात्र मुभा. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांपुढे असा हुकूम वाचून दाखवायची कुणाची छाती झाली असती?

माझी सुरुवात ‘फिगारो’ने झाली नाही. ती झाली आत्याच्या कॅसेटने. आत्या जर्मन शिकत होती आणि तिच्याकडे मोत्सार्टच्याच ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली निवडक गाणी होती. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. गोष्ट आत्या सांगायची, तीही पोळ्या लाटता लाटता, तुकड्या-तुकड्यांत. पहिल्या अंकात रात्रीची राणी म्हणजे झारास्ट्रोने मुलगी हिरावलेली आई. दुसऱ्या अंकात तीच मुलीच्या हातात खंजीर देते आणि म्हणते, झारास्ट्रोला मार, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस. आणि हे ती ज्या सुरांत म्हणते! गळा आहे की कारंजं, असं वाटायचं. मोत्सार्टने ही भूमिका आपल्या मेहुणीसाठी, योझेफा होफरसाठी लिहिली होती हे फार नंतर वाचलं. राणीचा सगळ्यात वरचा सूर आणि झारास्ट्रोचा सगळ्यात खालचा, दोन्ही ‘एफ’ हाच स्वर, मधे चार सप्तकं. आमच्या साडेतीन सप्तकांच्या पेटीत ही दोघं एकत्र मावायचीच नाहीत. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की राणी पुरुषी आवाजात गायला लागायची, आणि झारास्ट्रोचा तर राक्षस व्हायचा.

एकदा मी आत्याला विचारलं, ती वाईट आहे ना, मग तिला इतकं छान गाणं कशाला दिलंय?

“अगं, वाईट माणसांनी काय बेसूर गायचं?” आत्या म्हणाली आणि पोळी उलटली.

मला वाटतं मी आयुष्यभर मोत्सार्ट ऐकते तो या एका गोष्टीपायी. नाटकाचे शब्द न्याय करतात, कोण भला, कोण लबाड ते ठरवतात. संगीत त्या भानगडीत पडत नाही. त्याच्याच ‘कोसी फान तुत्ते’ या ऑपेराचं कथानक मला आजही चीड आणतं: बायकांची निष्ठा तपासायला पैज लावायची म्हणे! आणि तरी त्यातच ते त्रिगीत आहे. प्रियकर युद्धावर निघाले असं समजून दोघी बहिणी वारा मंद वाहो, लाट शांत राहो म्हणून गातात, खाली व्हायोलिनं दबक्या आवाजात पाण्यासारखी हलत राहतात. आणि त्यांच्याबरोबर तिसरा सूर कुणाचा? सगळी फसवणूक रचणाऱ्या डॉन अल्फोन्सोचा. तोही तितकाच मनापासून गातो. मनापासून गातो की नाही, हे ओळखायची सोयच मोत्सार्टने ठेवलेली नाही.

‘फिगारो’च्या चौथ्या अंकाची सुरुवातही तशीच. माळ्याची मुलगी बार्बारिना अंधारात हरवलेली टाचणी शोधतेय. एक टाचणी! पण गाणं असं, की घरातलं कुणी गेलंय. पहिल्या प्रयोगात ते गायलेली आना गॉटलीब अवघी बारा वर्षांची होती. १७९१ मध्ये ‘मॅजिक फ्लूट’ची पहिली पामिना, राणीची मुलगी, तीच, म्हणजे राणीने खंजीर दिला तो तिच्याच हातात.

अंकाच्या शेवटी काउंट सगळ्यांदेखत बायकोची माफी मागतो आणि ती देते. दोन-चार ओळी, बस. मला त्या माणसाचा काडीचा भरवसा नाही. सकाळ झाली की हा पुन्हा कुणाच्या तरी मागे. पण ते सूर चालू असेपर्यंत मीही माफ करते, दर वेळी. मूळ नाटककार बोमार्शेने याच कुटुंबावर पुढे आणखी एक नाटक लिहिलं. ते १७९२ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं. त्यात काउंटेसला केरुबिनोपासून झालेला मुलगा आहे आणि काउंट पुन्हा संशयाने पेटलेला. मोत्सार्ट ५ डिसेंबर १७९१ लाच गेला होता. ते नाटक मी मुद्दाम वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही.