‘बार’ आणि ‘भार’ ईजीजीवर मोजताना: माझा अनुभव

‘भार’ म्हणताना भ-नंतरच्या स्वरात श्वास मिसळतो, ‘बार’ म्हणताना नाही. हा फरक स्वरतंतूंपाशी कसा घडतो ते पाहायला मी माइकच्या जोडीला इलेक्ट्रोग्लॉटोग्राफ, म्हणजे ईजीजी, लावतो. गळ्याच्या घाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड बसवायचा. त्यांच्यामधून अतिउच्च वारंवारतेचा क्षीण प्रवाह जातो, बोलणाऱ्याला तो जाणवत नाही. स्वरतंतू टेकले की विद्युतरोध कमी होतो, विलगले की वाढतो. फिलिप फाब्र यांनी ही पद्धत १९५७ मध्ये मांडली.

इलेक्ट्रोडखाली वीजवाहक जेलचा अगदी पातळ थर लावावा. जेल पसरून दोन इलेक्ट्रोडना जोडू लागलं, तर प्रवाह स्वरयंत्राऐवजी त्वचेवरूनच पळतो आणि संकेत मरतो. मानेवर चरबी असेल तरी तो क्षीण येतो. मग ‘आ’ लांबवायला सांगून इलेक्ट्रोड थोडे वर-खाली सरकवतो आणि लाट सर्वांत मोठी दिसेल तिथे पट्टा बांधतो. सूर चढला की स्वरयंत्रही वर जातं, म्हणून ही जागा नेहमीच्या बोलण्याच्या सुरात शोधावी.

माइक आणि ईजीजी एकाच साउंड कार्डाच्या दोन चॅनलवर घ्यावेत. आपोआप गेन, म्हणजे संकेत किती वाढवायचा ते, बदलणारी सोय बंद ठेवायची, नाहीतर श्वासाळ (श्वास मिसळलेल्या) स्वराची मुळातच लहान लाट फुगवली जाते. माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. पुरुषाच्या स्वरमार्गातले, म्हणजे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचे, साधारण १७ सेंटिमीटर धरले तर आणखी ०.५. २०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन ५ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे हा उशीर दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दोन्ही लाटा जुळवूनच पुढे जावं.

शब्द ‘पुन्हा ___ म्हणा’ अशा एकाच वाक्यात बसवतो: बार–भार, दार–धार, गार–घार. सगळीकडे ‘आ’ हवा. श्वासाळपणा मोजताना पहिल्या आणि दुसऱ्या हार्मोनिकच्या (आवाजाची मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट) तीव्रतेतला फरक पाहतात. श्वास जास्त तर फरक मोठा. ‘ई’चा पहिला फॉर्मंट, म्हणजे स्वरमार्गाची सर्वांत खालची अनुनाद-वारंवारता, ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. विशेषतः बायकांच्या आवाजात तो नेमका याच हार्मोनिकांना उचलून धरतो आणि आकडा बिघडतो.

स्वरयंत्राच्या हालचालीने ईजीजीची तळरेषा डोलते. त्यासाठी हाय-पास फिल्टर (अगदी कमी वारंवारता गाळून टाकणारा) लावावा, पण रेकॉर्डिंगवर पुढून आणि उलट असा दोनदा. एकदाच लावला तर लाटेचा आकार सरकतो. खरी अडचण त्यापुढची. आवर्तनाचा किती भाग स्वरतंतू टेकलेले असतात हे लाटेच्या उंचीवर २५ किंवा ५० टक्क्यांची रेषा मारून काढतात, आणि रेषा बदलली की उत्तरही बदलतं. भ-नंतर स्वरतंतू पुरते मिटतच नसतील तर लाट जवळजवळ साइन वेव्हसारखी गोल होते. सॉफ्टवेअर तरीही आकडा देतंच, पण त्याला अर्थ उरत नाही. अशी आवर्तनं मी डोळ्यांनी पाहून बाजूला काढतो आणि तिथे फक्त हार्मोनिकांचा फरक नोंदवतो. मोजमाप स्वराच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागातच घ्यावं. पुढे ‘भार’मधला आ साध्या ‘आ’सारखाच होत जातो, आणि अख्ख्या स्वराच्या सरासरीत फरक बुडून जातो.