हक्कसोड: बर्नहून तासगावच्या बहिणींना

"आता कसला गं स्त्रीवाद? पोरी फौजदार झाल्यात, सरपंच झाल्यात. आणि तुमच्याकडं तर सगळं समानच असतंय." तासगावच्या माझ्या चुलतबहिणीचं हे बोलणं मला सोडता येत नाही. कारण ज्या महिन्यात ती हे म्हणाली, त्याच महिन्यात ती हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देण्याच्या कागदावर, सही करायला निघाली आहे.

आधी 'तुमच्याकडं'बद्दल. मी राहते त्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो १९७१ साली. १९५९ मध्ये हाच प्रश्न मतदानाला टाकला होता, मतदार सगळे पुरुष, आणि त्यांनी मोठ्या फरकानं नकार दिला. आपेनझेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर पुरुष १९९० पर्यंत चौकात हात वर करून 'नको'च म्हणत राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बायकांना हक्क दिला. आमच्या इमारतीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांचं लग्न झालं तेव्हा बायकोनं नोकरी करायची तर नवऱ्याची संमती लागे, आणि हा कायदा १९८७ संपेपर्यंत चालू होता. माझ्या आजीनं १९५२ च्या निवडणुकीत मत दिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्याबद्दलच विचारत राहिल्या.

१४ जून १९८१ ला इथल्या राज्यघटनेत समान हक्काचं कलम आलं. दहा वर्षं गेली, पगारात फरक तसाच. मग घड्याळांच्या कारखान्यांतल्या बायकांनी संपाची कल्पना काढली आणि १४ जून १९९१ ला सुमारे पाच लाख बायका कामं टाकून बाहेर पडल्या. सत्तर लाखांपेक्षा कमी वस्तीच्या देशात! समानतेचा कायदा लागू झाला १९९६ मध्ये. आजही इथं दहातल्या जवळपास सहा कमावत्या बायका अर्धवेळ काम करतात, कारण पाळणाघर महाग आणि बऱ्याच ठिकाणी शाळेची मुलं दुपारी जेवायला घरी येतात. बापाला दोन आठवड्यांची रजा मिळायला लागली ती २०२१ पासून.

म्हणजे कलम आधी येतं आणि ते घरापर्यंत पोचवायला माणसं लागतात. आपल्याकडं कलम कधीचं आलंय. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये देशभर झालं, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. आणि घरात काय होतं? बापाचं तेरावं झालं की वारसनोंदीचा विषय निघतो. बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नेतात. कागदावर 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता' असं लिहिलेलं असतं. परतताना जेवण, साडी.

राजीखुशीनं देतात ना, मग तुझं काय जातं, असं मला विचारलं जातं. राजीखुशी मी तेव्हा मानेन, जेव्हा भावालाही एकदा तरी कुणी विचारेल की तू सोडतोस का. सही नाही केली तर माहेर तुटेल ही भीती घेऊन बाई तिथं बसलेली असते. उद्या नवऱ्यानं टाकलं तर ती जाणार कुठं? हा प्रश्न आपल्याच सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात परित्यक्ता बायकांनी मांडला, स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं. कासेगावच्या कार्यकर्त्या इंदुताई पाटणकर आणि अभ्यासक गेल ऑम्व्हेट त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. त्या चळवळीचं नाव आज तालुक्यातल्या किती कॉलेजच्या पोरींना माहीत आहे?

आणि जमीन मुलाचीच, हे धरून चाललं की मुलगी नकोशी होते. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. म्हैसाळला २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले स्त्रीभ्रूण सापडले, ते द्राक्षाच्या, उसाच्या, पैसेवाल्या पट्ट्यात. गरिबीचं कारण तिथं पुढं करता येत नाही.

बहिणीला मी एवढंच सांगितलंय: घाई करू नको. वारस म्हणून सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं म्हणजे लगेच वाटप होत नाही, भाऊ कसतोय ते रान त्याच्याकडंच राहू शकतं. पीक त्याला घेऊ दे, नाव तुझंही राहू दे. हे भावाशी तू स्वतः बोल, दाजींना मध्ये घालू नको. आणि बोलताना वहिनीलाही शेजारी बसव. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, हे तिला कुणीच सांगितलेलं नसणार.