पायथ्याशीच का थांबता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "एवढ्या लांब हिमालयात जाता आणि रामनगर-कालाढुंगीलाच मुक्काम करता? वर बर्फात नाही जात?" ही दोन्ही उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरांच्या पायथ्याची गावं. दर डिसेंबरात तिकिटं निघाली की कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा चहा निवून गेला तरी माझं बोलणं संपलं नव्हतं. राहिलेलं आता लिहिते.

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. उत्तरेचं मैदान आलं की फळ्यावर दोन शब्द लिहायचे, भाबर आणि तराई. हिमालयातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी आपले दगडगोटे टाकतात, त्या ८ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यात ओढ्यांचं पाणी जमिनीखाली गडप होतं, तो भाबर. त्याच्या दक्षिणेला ते पुन्हा वर येतं, जमीन ओलसर, दलदलीची होते, ती तराई. मुलं पाठ करायची आणि दोन गुण मिळवायची. मी स्वतः ते पाहिलं निवृत्तीनंतर, कालाढुंगीजवळच्या एका सोतात. सोत म्हणजे तिथला ओढा. जानेवारी होता. पात्र चांगलं शंभर पावलं रुंद, पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं, आणि पाण्याचा थेंब नाही. बरोबरचा गाइड म्हणाला, "पानी है दीदी, नीचे चल रहा है।" दुपारी त्यानं जीप दक्षिणेला घेतली आणि एका शेताच्या बांधापाशी थांबवली. तिथं वाळू हलत होती. भात शिजताना वरचे दाणे जसे अलगद उचलले जातात, तशी वाळू खालून उचलली जात होती आणि स्वच्छ पाणी वर येत होतं. हात घातला तर कोमट लागलं. एवढी वर्षं मी मुलांना हे नुसत्या शब्दांनी शिकवत आले होते, याचं त्या बांधावर मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मला पायथ्याचं वेड लागलं. त्याआधी एकदा एका यात्रा कंपनीबरोबर नैनितालला जाऊन आले होते. चार दिवसांत सात 'पॉइंट' झाले. त्यातलं आज डोळ्यांसमोर काही येत नाही.

रामनगरजवळच्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातून वाहणारी रामगंगा आणि त्याच्या पूर्वेची कोसी, दोन्ही बर्फातून निघत नाहीत. (ही कोसी बिहारातली नव्हे. ही कौसानीच्या बाजूच्या डोंगरांतून येते.) त्या जगतात पावसावर आणि झऱ्यांवर, म्हणजे वरच्या बांजाच्या जंगलावर. बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याच्याखालची पालापाचोळ्याची जमीन पाणी धरून ठेवते. अल्मोड्याच्या बाजूला बिनसरच्या जंगलात पाय ठेवला की बूट रुततो. तोच चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांखाली सुकलेल्या सुयांवरून घसरतो. गावागावांत झऱ्यावर दगडी छपराचं, आत पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत जाणारं टाकं बांधलेलं असतं. त्याला नौला म्हणतात. आपल्या बारवेचं धाकटं भावंडच. लग्न होऊन आलेली सून आधी नौल्याची पूजा करते. हे कळल्यापासून वर गेले तरी मी नौले बघायला जाते, आणि मग त्या पाण्याच्या मागोमाग खाली येते.

थंडीत तर सगळेच खाली येतात. कुमाऊंनीत उन्हाला 'घाम' म्हणतात. पूर्वी डोंगरातली कुटुंबं गुरंढोरं घेऊन हिवाळ्यात भाबरात उतरायची, त्याला म्हणायचे घाम तापायला जाणं. आपला घाम ऐकून मला आधी हसू आलं होतं. ज्याचं नाव त्या उद्यानाला आहे, त्या शिकारी-लेखक जिम कॉर्बेटचं कुटुंबही उन्हाळ्यात नैनितालला आणि हिवाळ्यात कालाढुंगीला राहायचं. कालाढुंगीचं ते घर आता संग्रहालय आहे, आणि त्याने १९१५ साली घेऊन वसवलेलं छोटी हल्द्वानी गाव शेजारीच आहे. रानडुकरांपासून पीक राखायला गावाभोवती घातलेली दगडी भिंत मी पूर्ण चालत फिरले आहे. १९४७ मध्ये तो केनियाला गेला. गावात मात्र अजून त्याचा विषय घरच्या माणसासारखा निघतो.

पाखरंही घाम तापायला येतात. कोसीच्या गोट्यांत आयबिसबिल नावाचा पक्षी थंडीत उतरतो. राखाडी अंग, काळा चेहरा, खाली वाकलेली लाल चोच. पहिल्यांदा गाइड बोट दाखवतोय आणि मला नुसते गोटे दिसतायत, असं दहा मिनिटं चाललं. मग एक गोटा चालू लागला. त्याने चोच पाण्यातल्या दगडाखाली घातली, किडा काढला, आणि पुन्हा गोटा होऊन उभा राहिला. त्या सकाळी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही आणि पाहावंसंही वाटलं नाही.

वाघाचं विचारणार, माहीत आहे. १९३६ साली 'हेली नॅशनल पार्क' म्हणून सुरू झालेलं कॉर्बेट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाची सुरुवातही इथूनच झाली. २०२२ च्या गणनेत इथे २६० वाघ मोजले गेले. तरीही साल वृक्षांच्या दाट जंगलात तो दिसेलच असं नाही. कॉर्बेटच्या बिजरानी भागात एका धुक्याच्या सकाळी गाइडनं जीप बंद करायला लावली. सालाच्या पानांवरून दव पावसासारखं टपटपत होतं. आधी चितळ धोक्याचा इशारा देत ओरडलं, मग लांबून सांबराचा तो जड, एकच हुंकार. अर्धा तास श्वास रोखून बसलो. काही आलं नाही. परतताना आमच्याच जीपच्या चाकांच्या खुणेवर ओला, ताजा पंजा उमटलेला होता. तो मागून निघून गेला होता! हत्ती बघायचे असतील तर मात्र एप्रिल-मेमध्ये कॉर्बेटमधल्याच ढिकालाला जा आणि वनविश्रामगृहातच राहा. रामगंगेवरच्या धरणाचा जलाशय आटून गवत वर येतं आणि कळपच्या कळप तिथं उतरतात.

संक्रांत मी तिकडेच करते. ज्या घरात उतरते त्या ताई गुळाच्या पाण्यात कणीक मळतात, बडीशेप घालतात, आणि घुघुते वळतात. वेढा घातलेला घुघुता, ढाल, तलवार, डमरू. तळून दोऱ्यात ओवायचे, मध्ये एक संत्रं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरं ही माळ गळ्यात घालून अंगणात ओरडतात, "काले कौवा, काले!" कावळ्याला आधी द्यायचं, मग आपण खायचं. आपल्याकडे कावळा पितृपक्षात आठवतो. तिकडे तो मुलांचा पाहुणा असतो. याच सणाला १९२१ मध्ये वर बागेश्वरला लोकांनी इंग्रजांच्या वेठबिगारीच्या, म्हणजे कुणाकडून फुकट हमाली करून घ्यायची त्याच्या नोंदवह्या शरयू नदीत फेकून दिल्या होत्या. ताईंच्या सासऱ्यांनी ते मला शेकोटीपाशी असं सांगितलं, जणू आदल्या वर्षी घडलंय.

जेवायला मडुआची रोटी आणि गहतची डाळ. पहिला घास घेतला आणि ओळख पटली: नाचणी आणि कुळीथ. तिथल्या पंत घराण्यांत तर आपले पूर्वज कोकणातून आले असं पूर्वापार सांगतात.

एक गोष्ट मनाला लागते, ती सांगायलाच हवी. रामनगरहून वर जाणाऱ्या रस्त्यावर कोसीच्या काठाने रिसॉर्टांच्या भिंतींना भिंती लागल्या आहेत. कॉर्बेटमधले हत्ती पाण्याला आणि पलीकडच्या रानात जायला याच वाटांनी उतरतात. रात्री लग्नाचे स्पीकर लागतात. एकदा मी एका हत्तिणीला पिल्लू घेऊन भिंतीच्या कडेकडेनं वाट शोधताना पाहिलं. ती वळून परत गेली. तेव्हापासून मी गावातल्या घरातच उतरते, आणि तुम्हालाही हात जोडून तेच सांगते.

वहिनी, दिल्लीहून रात्री निघालात की पहाटे रामनगर. सात दिवस हाताशी ठेवा, त्यातला एक नुसता त्या सोतासाठी. जाड मोजे घ्या. ताईंना मी दोन खाटा जास्तीच्या सांगून ठेवल्या आहेत.