अर्धी सोडलेली ओळ

आज तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीचा तास घेतला. या वयाची मुले गोष्ट नुसती ऐकायला नव्हे, तर तिच्यात शिरायला येतात, हे गृहीत धरूनच मी पुस्तक निवडते: चित्रे मागे बसलेल्यालाही दिसतील इतकी मोठी, मजकूर थोडा आणि पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ हवीच. आजच्या गोष्टीतले कासव पानोपानी ‘थांबा, मीही येतो!’ म्हणत होते. दोन-तीन पानांनंतर मी ती ओळ अर्धी सोडली आणि उरलेली मुलांनी छत हादरेल अशा आवाजात पूर्ण केली.

‘हा कोण?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळते, पण ‘आता याने काय करावे?’ असे विचारून मोठ्या माणसाने गप्प राहिले (हेच सर्वांत कठीण) तर मुले विचार करून वाक्ये जुळवू लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या अभ्यासात, पालकांनी असे खुले प्रश्न विचारून मुलांच्या उत्तरांत भर घातल्यावर महिनाभरात मुलांच्या बोलण्यात प्रगती दिसली होती. आज एका मुलीने कासवाला पंख सुचवले. ‘कसले पंख?’ एवढेच विचारल्यावर ‘पानांचे, पण न भिजणारे’ असे उत्तर आले.

चुळबुळ वाढली, तेव्हा सगळ्यांनाच कासव होऊन चालायला लावले. एक मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्याकडे पाने उलटण्याचे काम दिले आणि त्याने ते अतिशय गांभीर्याने केले.